नित्यकर्मातील प्रसाद

मनुष्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग 'रोजचेच' या एका शब्दात सामावलेला असतो. उठणे, स्नान, स्वयंपाक, जेवण, धंद्यास अथवा नोकरीस जाणे, परत येणे, दिवा मालवून निजणे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विवाह, पुत्रजन्म, तीर्थयात्रा, गृहप्रवेश असे दिवस मोजू गेल्यास साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यात ते बोटांवर मोजण्याइतकेच भरतील. उरलेले सारे आयुष्य रोजचेच असते. असे असूनही हा शब्द उच्चारताना मनुष्याचा स्वर खाली येतो. "कसे काय चालले आहे?" असे कोणी विचारले, तर "चालले आहे रोजचेच" असे उत्तर येते, आणि त्या उत्तरात एक सुस्कारा दडलेला असतो.

साधकाची स्थिती याहून निराळी नसते. किंबहुना त्याची अडचण थोडी अधिकच खोल असते. प्रपंचाचा रगाडा एकदा आवरला की मग परमार्थास सवड सापडेल, अशी त्याची समजूत असते. पोथी उघडण्यापूर्वीची भांडी, जपाच्या वेळी रडणारे मूल, ध्यानाला बसताच दारी येणारा दूधवाला ही सारी त्याला विघ्ने वाटतात. दिवसाचे तो दोन तुकडे करतो. अर्धा घटका देवाची, आणि बाकीचा सारा दिवस नाइलाजाचा. असा हिशेब मांडल्यावर आयुष्याचा बहुतेक भाग देवावाचून जावा, यात नवल ते काय?

गीतेला ही वाटणी मान्य नाही. नवव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या श्लोकात भगवान अर्जुनास सर्व काही आपणास अर्पण करण्यास सांगतात, तेव्हा त्यांनी कोणत्या क्रमाने गोष्टी सांगितल्या आहेत तो पाहण्याजोगा आहे. हवन, दान आणि तप ही तिन्ही तेथे आहेत. परंतु ती मागून येतात. अगोदर येते ते सामान्य करणे, आणि त्याच्या पाठोपाठ येते ते खाणे. जे कोणीही करतो, ज्यासाठी दीक्षा लागत नाही, मुहूर्त लागत नाही, त्याला भगवंतांनी हवनाच्या आधी स्थान दिले. साधकाने मात्र हा क्रम उलटा करून ठेवला आहे. तपाचे तो अर्पण करतो आणि खाण्याचे विसरतो.

मराठीत संसाराला रहाटगाडगे म्हणण्याची पद्धत आहे. आता रहाट फारसे उरले नाहीत, विहिरींवर विजेचे पंप आले. शब्द मात्र टिकला, आणि तो नेहमी कंटाळ्याच्याच अर्थाने वापरला जातो. प्रत्यक्षात रहाटाचे गाडगे रिकामे खाली जाते ते पाण्यासाठी, आणि वर येते ते भरून. वर येताच ते ओणवे होते, पाणी पन्हळीत सांडते, पन्हळीतून पाटात जाते आणि पाटातून वाफ्यात. गाडग्याने पाणी स्वतःपाशी ठेवून घेतले, तर ते पुन्हा भरणार नाही आणि चक्रही अडेल. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी जे चक्र सांगितले आहे ते याच जातीचे आहे. अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य, आणि यज्ञ कर्मापासून. हे फिरते चक्र जो पुढे चालवीत नाही त्याचे जगणे त्यांनी व्यर्थ म्हटले आहे. चक्र फिरते याबद्दल भगवंतांची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्याबद्दल, जो मध्येच भरलेले गाडगे काढून घेतो. त्याला बाराव्या श्लोकात भगवंत सरळ चोर म्हणतात. इतका कठोर शब्द गीतेत फार ठिकाणी नाही.

यावरून कृतज्ञतेचा विचार कसा करावा हे कळते. कृतज्ञता ही मनाची एक गोड अवस्था आहे, सकाळी उठून चार चांगल्या गोष्टी आठवल्या की ती उत्पन्न होते, असे हल्ली पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. शब्दच पाहावा. कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले आहे हे जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञता हे आधी ज्ञान आहे, गोडवा नंतरचा. आणि ज्ञान म्हटले की त्यात कडूही काही जाणावे लागते.

आपल्या धर्मशास्त्राने ते लपवले नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच 'सूना' सांगितल्या आहेत. सूना म्हणजे हत्येचे स्थान, खाटिकखाना. या पाच सूना कोणत्या? चूल, पाटा-वरवंटा वा जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ज्या पाच वस्तूंवाचून घर चालत नाही, ज्यांच्याभोवती गृहिणीचा सारा दिवस फिरतो, त्यांनाच शास्त्राने हे भयंकर नाव दिले. चुलीत किडा-मुंगी जळते, केरसुणीखाली जीव चिरडतात, दळताना-कांडताना धान्यातील प्राणी मरतात, घड्याखालीही तेच. मनुष्य हिंसेच्या विचाराने यांपैकी काहीच करीत नाही. तरी एका घराचे एका दिवसाचे जेवण तयार होताना कितीतरी जीव खर्ची पडतात. यासाठी रोज पाच महायज्ञ सांगितले: अध्ययन-अध्यापन हा ब्रह्मयज्ञ, तर्पण हा पितृयज्ञ, होम हा देवयज्ञ, प्राण्यांना बली हा भूतयज्ञ आणि अतिथिपूजन हा मनुष्ययज्ञ. यांतील एकही वर्षातून एकदा करण्याचा नाही. देणे रोजचे आहे, म्हणून फेडही रोजची.

आज शहरांतील घरांतून या पाचांपैकी बहुतेक वस्तू गेल्या आहेत. चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली, जात्याचे काम गिरणीने घेतले, उखळाचे मिक्सरने, घड्याचे नळाने. त्यामुळे सूना नाहीशा झाल्या असे नव्हे. त्या दृष्टीआड गेल्या, एवढेच. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन चार-चार जिने चढणारा मनुष्य, पहाटे कचऱ्याची गाडी ओढणारे हात, उन्हात कांदा काढणाऱ्या बाया, यांचे कष्ट त्या शेगडीत आणि त्या ताटात आहेत; ते दिसत नाहीत म्हणून जाणावे लागतात. नळाचेच पाहावे. स्नानाच्या वेळी पाण्याच्या तांब्यात गंगा-गोदावरीपासून सिंधू-कावेरीपर्यंत सात नद्यांना बोलावण्याची रीत भारतभर आहे. ती रीत पाळताना ज्या नदीचे पाणी खरोखरच तांब्यात आले आहे तिचे नाव पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईतील एखाद्या घरात ते पाणी १८९२ साली बांधून पुरा झालेल्या तानसा तलावाचे असू शकेल. बंगळूरमध्ये कावेरी नळातून येते. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा तेलुगु गंगा योजनेच्या कालव्यांतून १९९६ पासून चेन्नईपर्यंत पोहोचू लागली. इतक्या दूरून आलेल्या अतिथीला "रोजचेच पाणी" म्हणून वाट्टेल तसे सांडून टाकणे कृतज्ञास जमणार नाही.

सूना हा शब्द महाभारतात आणखी एका ठिकाणी येतो. वनपर्वातील ती कथा बहुतेकांनी ऐकलेली आहे, तरीही ती या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे. कौशिक नावाचा एक ब्राह्मण झाडाखाली वेदाध्ययन करीत होता. वर बसलेल्या बगळीची विष्ठा त्याच्या अंगावर पडली. त्याने क्रोधाने वर पाहिले, आणि ती बिचारी मरून खाली पडली. त्याला वाईट वाटले हे खरे. पण आपल्या दृष्टीत एवढे सामर्थ्य आले आहे हेही त्याला कळले. पुढे तो भिक्षेसाठी गावात गेला. एका घरी गृहिणी "थांबावे" म्हणून भांडे घासू लागली. इतक्यात तिचा पती भुकेला असा घरी आला, आणि त्याला पाणी, आसन व जेवण देण्यात तिचा वेळ गेला. मग भिक्षुकाची आठवण होऊन ती लाजून भिक्षा घेऊन बाहेर आली. कौशिक संतापला होता. तेव्हा ती शांतपणे म्हणाली की, ती काही बगळी नव्हे.

सगळे वेद ज्याने पढले, त्याला एका बाईचे भांडे घासून होईपर्यंत दारात उभे राहवले नाही. आणि अरण्यात घडलेली गोष्ट त्या बाईला कशी कळली? ती सांगते, आपल्या नित्याच्या सेवेने. व्यासांनी येथे फार मोठा भेद दाखवला आहे. कौशिकाच्या तपाने त्याच्या दृष्टीत आग आली होती. तिच्या रोजच्या कामाने तिच्या दृष्टीत ज्ञान आले होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'घरकाम हीच पूजा' हे वाक्य आपल्या समाजात अनेकदा पूजा करणाऱ्याच्या तोंडून येत नाही. वाढलेल्या ताटावर आयते बसणाऱ्याच्या तोंडून येते. राबणाऱ्या बाईला, शेतातल्या गड्याला, घरी काम करायला येणाऱ्या मावशींना 'समाधानी राहा' असा उपदेश करणे फार सोपे असते. गीतेचा कठोर शब्द मात्र शिजवणाऱ्याला लावलेला नाही. तो परत न देता खाणाऱ्याला लावलेला आहे. तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात केवळ स्वतःसाठी अन्न शिजवून खाणारा पाप खातो असे म्हटले आहे, तेथेही रोख खाण्याकडेच आहे. म्हणून नित्यकर्मातील कृतज्ञतेचा आरंभ खाणाऱ्यापासून व्हावा. आपले ताट आपण उचलणे, घरातील शेवटचे माणूस जेवले की नाही हे विचारणे, शिळे कोणाच्या वाट्यास रोज येते हे पाहणे आणि ते आपल्या वाट्यास घेणे, यांत पाचही यज्ञांतील मनुष्ययज्ञाचा अंश आहे. पंधराव्या अध्यायात भगवान सांगतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन तेच अन्न पचवतात. प्रत्येक पोटात तो अग्नी असेल, तर स्वयंपाकघरात शेवटी जेवणारीच्या पोटातला अग्नी निराळा कसा असेल?

कौशिकाची कथा पुढे आहे. त्या गृहिणीने त्याला मिथिलेस धर्मव्याधाकडे पाठवले. जनकाच्या त्या समृद्ध नगरीत तो धर्माचा आचार्य शोधत गेला, आणि त्याला तो आढळला तो सूनेत, मांसाच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. घरातील पाच सूना आणि मिथिलेची ही सहावी, शब्द एकच. व्याध स्वतः प्राणी मारीत नसे, दुसऱ्यांनी मारलेल्यांचे मांस विकत असे, आणि स्वतः ते खात नसे. पण धंदा तोच, पिढीजात चालत आलेला. व्याधाच्या बोलण्यात आपल्या कामाची फुशारकी नाही आणि लाजही नाही. त्याने ब्राह्मणाला घरी नेले, धर्माचे सूक्ष्म विवेचन केले, आणि मग आपल्या ज्ञानाचे मूळ प्रत्यक्ष दाखवले. आत त्याचे वृद्ध आईबाप जेवून, शुभ्र वस्त्रे नेसून उत्तम आसनावर बसले होते. व्याधाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. हीच आपली दैवते, असे त्याने सांगितले.

भारतातील संतमंडळीच्या चरित्रांत या व्याधाचे वंशज जागोजाग भेटतात. अरणच्या मळ्यात सावता माळी, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी गंगाखेडची जनाबाई, काशीत मागावर बसलेले कबीर, चामड्याचे काम करणारे रविदास. यांपैकी कोणी भक्तीसाठी हातातले काम टाकून दिले असे परंपरा सांगत नाही. गेल्या शतकातील उदाहरण घ्यावयाचे तर धुळ्याच्या तुरुंगाचे घ्यावे. तुरुंगाइतका एकसुरी दिनक्रम दुसरीकडे क्वचित आढळेल. तेथे १९३२ सालच्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर एकेक प्रवचन दिले, आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. अठरा रविवार, अठरा अध्याय. 'रोजचेच' म्हणून सुस्कारा टाकण्याची सवलत त्या भिंतींआड सर्वांत अधिक होती.

आता एक आक्षेप राहतो, आणि तो खरा आहे. ज्याच्या घरी दुःख आहे, आजार आहे, मृत्यू घडला आहे, त्याने रोजच्या दिवसात आनंद कसा पाहावा? त्याला कृतज्ञ हो म्हणून सांगणे हे निष्ठुरपण नव्हे काय? निश्चित निष्ठुरपण आहे. गीतेचा पहिला अध्याय या बाबतीत मोठा शिकवणारा आहे. त्या सबंध अध्यायात भगवंतांचे एकच वाक्य आहे, आणि तेही जमलेल्या कौरवांकडे पाहण्यास सांगणारे. अर्जुनाचे अंग कापत होते, धनुष्य गळून पडत होते, त्याचे बोलणे लांबत होते, आणि जगद्गुरू ऐकत होते. शोक बोलून झाल्याखेरीज त्यांनी उपदेशाला आरंभ केला नाही. दुःखिताच्या दारात जाणाऱ्याने एवढे जरी आचरले तरी पुष्कळ होईल.

महाराष्ट्रात मृत्यू झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी वा नातेवाईक पिठले-भात आणतात आणि आग्रहाने चार घास खायला घालतात. त्याला कडू घास म्हणतात. कोणी प्रवचन करीत नाही. पुढे काही दिवसांनी घरातील एखादी वडीलधारी बाई उठते, चूल पेटवते, चहाचे आधण ठेवते. दूधवाला येतो, नळाला पाणी येते, शाळेची वेळ झाली म्हणून मुलांची वेणीफणी करावी लागते. ज्याला एरवी 'रोजचेच' म्हणून हिणवले, तेच आता हात धरून घराला चालवते. ज्याचे माणूस गेले आहे त्याला विचारावे, त्याला काय हवे असते? मोठा सण त्याला नको असतो. गेलेल्या माणसाने ओसरीवर खोकावे, चहा गार झाला म्हणून कुरकुरावे, अशी एक साधी सकाळ त्याला पुन्हा हवी असते. ती सकाळ असताना तिची किंमत त्याला कळली नव्हती, याचे दुःख त्याला मृत्यूच्या दुःखाइतकेच सलते. ज्यांच्या घरी ते माणूस आज खोकत आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले जात आहे.

आनंदाविषयी गीतेने अठराव्या अध्यायात जे सांगितले आहे त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. तेथे सुखाचे तीन प्रकार आहेत. राजस सुख आरंभी अमृतासारखे लागते आणि शेवटी विषासारखे होते. तामस सुख निद्रा, आळस आणि प्रमादातून निघते. सात्त्विक सुख मात्र आरंभी कडू आणि परिणामी अमृत. आणि त्यात मन रमते ते अभ्यासाने, असे छत्तिसाव्या श्लोकात म्हटले आहे. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे. तेच ते, पुन्हा पुन्हा. म्हणजे ज्या पुनरावृत्तीला मनुष्य कंटाळ्याचे कारण समजतो, तिलाच भगवंतांनी उत्तम सुखाचे दार म्हटले आहे. नव्याने शिकणाऱ्या मुलीची भाकरी तुटते, पिठाने हात भरतात, बोटे भाजतात. हजाराव्या भाकरीला हात आपोआप फिरतो, भाकरी टम्म फुगते आणि तिच्या ओठांवर गुणगुणणे येते. ते गुणगुणणे पहिल्या दिवशी विकत मिळत नाही. पुनरावृत्तीने झापडही येते हे नाकारण्याचे कारण नाही. यांत्रिकपणे केलेले काम तामसाकडे सरकते. म्हणूनच भगवंतांनी कर्माबरोबर अर्पणाची जाग सांगितली. पानावर बसताना क्षणभर थांबून अन्न कोठून आले हे मनात आणणे, कामास हात घालताना ते कोणासाठी आहे हे आठवणे, एवढी ती जाग.

अशा जागेतून मनाला जी स्वच्छता येते तिला दुसऱ्या अध्यायात प्रसाद म्हटले आहे, आणि त्या प्रसादाने सर्व दुःखांची हानी होते असे तेथे सांगितले आहे. देवळात हातावर पडणाऱ्या खडीसाखरेलाही मराठी मनुष्य प्रसादच म्हणतो. मनाची निर्मळता आणि तळहातावरचा गोड खडा यांना एकच नाव मिळावे, हे भाषेचे शहाणपण आहे. खडीसाखर वाण्याकडचीच असते. ती देवापुढे ठेवून परत घेतली, एवढ्याने तिचा भाव बदलतो. सकाळची भाकरी, दुपारचे ऑफिस, संध्याकाळचे पाणी भरणे हीही वाण्याकडचीच खडीसाखर आहे.

मिथिलेत व्याधाने कौशिकाला शेवटी काय सांगितले? कौशिकाला आणखी एखादे गूढ ज्ञान अपेक्षित असेल. व्याध म्हणाला की, वेदाध्ययनासाठी कौशिक आईबापांना न विचारता घर सोडून निघाला होता; ते वृद्ध झाले आहेत आणि त्याच्या शोकाने अंध झाले आहेत. त्याने परत जावे आणि त्यांना प्रसन्न करावे. ज्याच्या दृष्टीने पक्षी मरून पडत असे, त्याला स्वतःच्या घरातील दोन आंधळे डोळे इतक्या दिवसांत दिसले नव्हते. कौशिकाने व्याधाला प्रदक्षिणा केली आणि तो घरी परतला. तेथे त्याने आईबापांची सेवा केली, एवढेच महाभारत सांगते. पुढच्या दिवसांचे वर्णन व्यासांनी केलेले नाही. पाणी आणणे, त्यांना हात धरून अंगणात बसवणे, वेळेवर जेवू घालणे, रात्री पाय चेपणे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.